शॉवरच्या सरकत्या काचेची चाकं घरीच बदलली : नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

आईच्या बोटांना संधिवात आहे. गेल्या गणपतीनंतर आमच्या शॉवरचं सरकतं दार इतकं जड झालं की ती दोन्ही हातांनी ओढायची, तेही ओल्या फरशीवर उभं राहून. मला ते बघवेना. दार बसवून देणाऱ्यांचा माणूस आला, दोनदा सरकवून पाहिलं आणि ‘पूर्ण सेट बदलावा लागेल’ म्हणाला. काच धड, फ्रेम धड, मग बदलायचं काय? खाली बसून टॉर्च मारला तेव्हा दिसलं, चारपैकी एक चाक उभं चिरलंय आणि दुसऱ्याचं बेअरिंग गंजून फिरेनासं झालंय. दार सरकत नव्हतंच, घासत होतं.

दिवाळीच्या आधी भाऊ आला, तेव्हा आम्ही दोघांनी ते उतरवलं. एकट्याने हे करू नका. काच 6 मिमीची, दार 2 फूट बाय 6 फूट, म्हणजे नुसत्या काचेचंच वजन 16-17 किलो होतं. खालच्या चाकांची स्प्रिंगची बटणं दाबली की दाराचा खालचा भाग ट्रॅकमधून सुटतो, मग दार वर उचलून काढायचं. टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेली काच मधोमध बराच मार सोसते, पण तिची कड आणि कोपरे नाजूक असतात. टाइलवर कोपरा टेकला तरी अख्ख्या काचेचा चुरा होऊ शकतो. म्हणून पायात बूट घातले आणि खाली जुनी गोधडी चार पदरी अंथरून दार तिच्यावर आडवं ठेवलं.

चाकं घेताना मी एकदा फसले. ऑनलाइन नुसता व्यास पाहून 25 मिमीची मागवली. आमची 23ची होती. दार वर घासायला लागलं. मग जुनं चाक पर्समध्ये टाकून पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीत, हार्डवेअरच्या बाजारात गेले. तिथल्या काकांनी व्यासाबरोबर चाकाच्या खाचेची रुंदी, काचेतल्या भोकाचं माप आणि स्क्रूची लांबी विचारली. ही चारही मापं जुळायलाच हवीत, कारण टफन्ड काचेला नंतर भोक मोठं करता येत नाही, ड्रिल लावला की ती फुटते. चाकं घेताना चारही नवीन घेतली. काच आणि धातू यांच्यामध्ये प्लास्टिकचा वॉशर हवाच, आणि स्क्रू ताकद लावून पिळायचा नाही.

पहिले दोन महिने दार एका बोटाने सरकत होतं. तिसऱ्या महिन्यात एका बाजूने खाली आलं. वरच्या चाकाचा स्क्रू सैल झाला होता. त्या चाकांचा आस मुद्दाम मध्यापासून जरा बाजूला असतो, तो फिरवला की दार वर-खाली होतं. पाच मिनिटांत दार ओळंब्यात आलं.

नंतर पुन्हा करकर सुरू झाली, ती मात्र माझ्या चुकीने. मी शिलाई मशीनचं तेल सोडलं होतं. त्याला साबण आणि केस चिकटून काळा राप बसला. आता खालचा ट्रॅक दर रविवारी जुन्या टूथब्रशने साफ करते आणि महिन्यातून एकदा बेअरिंगवर सिलिकॉन स्प्रेचा एक फवारा मारते. फवारताना मागे फडकं धरा, जमिनीवर उडालं तर पाय सटकेल.

खरा शत्रू पाणी आहे. वाघोलीत आमच्याकडे कधी टँकर, कधी बोअर. पाणी वाळलं की क्षार काचेवर आणि चाकांत बसतात. अर्धं व्हिनेगर, अर्धं पाणी घेऊन कापड भिजवून दहा मिनिटं काचेवर लावून ठेवते, मग धुते. ताजे डाग जातात, वर्षानुवर्षांचे काचेतच मुरलेले गेले नाहीत. बाहेरच्या कोट्याच्या फरशीवर व्हिनेगरचे थेंब पडले तिथली चमक गेली, कारण कोटा म्हणजे चुनखडकच. हायड्रोक्लोरिक आम्लवाले क्लीनर तर लांबच ठेवा, आमच्या स्टीलच्या हँडलवर त्याने बारीक खड्डे पडलेत. रोज अंघोळीनंतर अर्धा मिनिट वायपर फिरवायला लागल्यापासून व्हिनेगर क्वचितच लागतं. आईसुद्धा आता वायपर मारल्याशिवाय बाहेर येत नाही.

फ्रेमच्या कडेची फट बुजवणारं सिलिकॉन काळं पडलं होतं, तेही काढलं. नवं जुन्यावर धरत नाही, म्हणून ब्लेडने पूर्ण खरवडलं, एक दिवस वाळू दिलं, मग बुरशीरोधक सिलिकॉन भरलं आणि 24 तास दुसऱ्या बाथरूममध्ये अंघोळी केल्या. सिलिकॉन बाहेरूनच भरायचं. आतूनही बुजवलं तर फ्रेममध्ये शिरलेल्या पाण्याला परत यायला वाट राहत नाही आणि ते तिथेच कुजतं.

चाकं, सिलिकॉन, स्प्रे धरून सगळा खर्च दीड हजाराच्या आत बसला. दार आज आईच्या दोन बोटांनी सरकतं. दार बंद होतं तिथली उभी प्लास्टिकची पट्टी मात्र पिवळी पडून कडक झालीय, तिथून अजून थोडं पाणी बाहेर येतं. तिचा इंचभर तुकडा कापून पर्समध्ये ठेवलाय, पुढच्या फेरीत बोहरी आळीत दाखवीन.