राजवाडा आणि पाण्यावरची फेरी एकाच सहलीत: बेळगावकरांनी सावंतवाडी निवडावी, कोल्हापूर की गोवा?

बाहेरगावचे पाहुणे आले किंवा मुलांना दिवाळीची सुट्टी लागली, की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत एकच चर्चा सुरू होते: कुठे जाऊन यायचं? देवदर्शन झालेलं असतं, धबधबे पावसाळ्यातच बघून झालेले असतात. अशा वेळी एखादा जुना राजवाडा कुणाकडून तरी नीट समजून घेत बघायचा आणि त्याच सहलीत पाण्यावर एक फेरी मारायची, हा बेत मला फार आवडतो. आजी-आजोबांना बसून ऐकायला काही मिळतं, मुलांना बोट मिळते, आणि मधल्या पिढीला दिवसभर कुणाची समजूत घालत बसावं लागत नाही.

आपल्या भागातून असे तीन बेत सहज जमतात: सावंतवाडीचा राजवाडा आणि मोती तलाव, कोल्हापूरचा न्यू पॅलेस आणि रंकाळा, किंवा गोव्यातली जुनी घरं आणि मांडवीतली क्रूझ. तिन्हीकडे राजवाडा किंवा जुना वाडा आहे, तिन्हीकडे पाणी आहे. तरीही हे बेत एकमेकांच्या जागी बसणारे नाहीत. निवड करताना बहुतेक जण किलोमीटर आणि खर्च बघतात. मी आधी बघते ते घर आणि पाणी यांच्यामधलं अंतर. ते जितकं जास्त, तितका दिवस गाडीत आणि पार्किंग शोधण्यात जातो.

हे का म्हणते, त्यासाठी इटलीतलं एक उदाहरण देते. तिथल्या लेक कोमो या तळ्यावर लेनो गावाजवळ, पाण्यात शिरलेल्या झाडीच्या एका टोकावर, व्हिला देल बाल्बियानेल्लो नावाचं घर आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस कार्डिनल दुरिनी यांनी ते उभारलं. शेवटचे मालक ग्वीदो मोंझिनो. 1973 च्या इटालियन एव्हरेस्ट मोहिमेचं नेतृत्व त्यांनी केलं होतं, आणि 1988 मध्ये त्यांच्यामागे हे घर वारसा जपणाऱ्या संस्थेकडे गेलं. आतल्या खोल्या मार्गदर्शकाबरोबरच बघाव्या लागतात, आणि लेनोहून बोटीने थेट घराच्या पायरीशी उतरता येतं. म्हणजे बोट हा सहलीला जोडलेला वेगळा कार्यक्रम राहत नाही, घर बघण्याची सुरुवातच पाण्यावरून होते. आपल्याकडे अगदी तसं कुठे नाही. पण त्याच्या सगळ्यात जवळ जातं ते सावंतवाडी, म्हणून तिच्यापासून सुरू करते.

सावंतवाडी

बेळगावहून शिनोळी, चंदगड तालुका, आंबोली घाट आणि खाली सावंतवाडी, असा साधारण शंभर किलोमीटरचा रस्ता. आपल्याला हा रस्ता नवा नाही. वेंगुर्ल्याच्या बंदरातून बेळगावच्या छावणीकडे माल आणि माणसं याच बाजूने येत, आणि आंबोली हा त्या वाटेवरचा मुक्काम होता.

राजवाडा तिसऱ्या खेमसावंतांच्या काळातला, 1755 ते 1803 या त्यांच्या कारकिर्दीतला. बांधकाम जांभ्या दगडाचं. समोरचा मोती तलाव 1874 चा. राजवाड्याच्या फाटकातून बाहेर पडलं की रस्ता ओलांडून तलाव, एवढंच अंतर. शहर या तलावाभोवती वाढलं आहे. बाजार, देवळं, संध्याकाळी फिरायला येणारी मंडळी, सगळं काठावर. बोट चालू असेल तर पाण्यातून राजवाड्याकडे बघता येतं. नसेल तर तलावाला पायी फेरी घाला, आजोबासुद्धा थांबत थांबत पूर्ण करतील. इथली बोट म्हणजे छोटं बोटिंग आहे, ‘क्रूझ’ या शब्दाने जे डोळ्यांसमोर येतं ते नव्हे, हे मुलांना आधीच सांगितलेलं बरं.

पण सावंतवाडीला जायचं ते दरबार हॉलसाठी. तिथे गंजिफा तयार होतो. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफ्यात विष्णूच्या दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा, अशी बारा पानं. सगळी मिळून 120. ही कला विसाव्या शतकात जवळजवळ संपली होती. शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी उरलेल्या कारागिराकडून ती स्वतः शिकून घेतली, राजवाड्यातच काम सुरू केलं आणि नवे हात तयार केले. आज तुम्ही आत जाता तेव्हा काचेमागची वस्तू बघून परतत नाही, पत्ता रंगवणाऱ्या माणसाशेजारी उभे राहता. त्याला विचारा. मत्स्याचं चिन्ह कोणतं, कूर्माचं कोणतं, लाखेचा लेप कधी द्यायचा, एका संचाला किती दिवस लागतात. हातातलं काम न थांबवता तो मालवणी वळणाच्या मराठीत सगळं सांगतो. छापील माहितीपत्रक वाचणाऱ्या कुठल्याही गाईडपेक्षा मला हे मोलाचं वाटतं. आठ-दहा वर्षांच्या मुलांना तर इथून हलवावं लागतं.

राजवाड्याच्या आवारात आता राहायचीही सोय आहे. ती महाग वाटली तर गावात साधी हॉटेलं आहेत. खरेदीसाठी चितारआळी: लाकडी फळं, भातुकली, पाट, रंगीत खेळणी. गंजिफ्याचा पूर्ण संच महाग असतो. परवडत नसेल तर त्याच चित्रांच्या छोट्या वस्तू मिळतात, त्या घ्या. ते पैसे थेट या कामाला लागतात.

कोल्हापूर

निपाणी, चिकोडी, संकेश्वरच्या मंडळींना कोल्हापूरच सोयीचं. निपाणीहून चाळीसएक किलोमीटर, बेळगावहून साधारण एकशे दहा, सगळा रस्ता महामार्गाचा, घाट नाही म्हटलं तरी चालेल. बस हवी तेव्हा मिळते. गाडी लागणारी माणसं घरात असतील तर एवढ्यानेच निर्णय व्हावा.

न्यू पॅलेस 1877 ते 1884 या काळात काळ्या घडीव दगडात बांधला गेला. आराखडा मेजर चार्ल्स मांट यांचा, बडोद्याचा लक्ष्मीविलास पॅलेस ज्यांनी आखला तेच. मधोमध घड्याळाचा मनोरा, राजस्थानी-गुजराती वळणाच्या कमानी आणि युरोपीय मांडणी, असं ते मिश्रण आहे. तळमजल्यावर शहाजी छत्रपती संग्रहालय आहे आणि राजघराणं अजून इथेच राहतं. दरबार हॉलच्या रंगीत काचांवर शिवाजी महाराजांच्या आयुष्यातले प्रसंग आहेत. त्या काचांसाठी सकाळी, ऊन चढायच्या वेळी जा. शिकारीच्या दालनात पेंढा भरलेले वाघ आणि इतर प्राणी आहेत. लहान मुलं तिथे रमतात, काही बिचकतातही.

इतिहासाचा विचार केला तर तिन्हींत वजनदार जागा हीच. राजर्षी शाहू महाराज 1894 मध्ये गादीवर आले आणि 1922 पर्यंत त्यांनी राज्य केलं. 1902 मध्ये त्यांनी मागासवर्गीयांसाठी राज्याच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवल्या. आपल्या सीमाभागातल्या कितीतरी घरांतली पहिली शिकलेली पिढी कोल्हापुरातल्या बोर्डिंगांत राहून शिकली. हे मुलांना सांगायचं असेल तर न्यू पॅलेससारखी जागा नाही. अडचण एवढीच की इथे आपलं आपण फिरून बघायचं असतं. गोष्ट सांगणारं माणूस तुम्हालाच बरोबर न्यावं लागतं. कोल्हापुरात ओळखीचे एखादे निवृत्त शिक्षक असतील तर त्यांना हक्काने बोलवा. आत फोटो काढू देत नाहीत, त्यामुळे लक्ष मोबाइलवर न राहता भिंतींवर राहतं.

पाण्याच्या बाबतीत मात्र कोल्हापूर मागे पडतं. रंकाळा सुंदर आहे, पण तो शहराच्या दुसऱ्या टोकाला. त्याच्या काठावर 1931 ते 1934 मध्ये बांधलेला शालिनी पॅलेस आहे, पण तो काही मार्गदर्शकाबरोबर आतून बघायची जागा नव्हे. म्हणजे आतून बघायचा राजवाडा पाण्याजवळ नाही आणि पाण्याजवळचा आतून बघायचा नाही. मधल्या वेळात महाद्वार रोडची गर्दी, अंबाबाईचं दर्शन, जेवणासाठी रांग. हे सगळं करून रंकाळ्यावर पोचेपर्यंत दिवस मावळतो. संध्यामठाकडे तोंड करून काठावर बसणं आणि चौपाटीवर भेळ खाणं हेच मग खरं सुख. बोटीच्या फेरीवर फार आशा ठेवू नका.

जाता जाता: राधानगरीच्या धरणाच्या पाण्यात शाहू महाराजांनी बांधलेला बेनझीर व्हिला उभा आहे. राजघराण्याचं घर आणि चहूबाजूंनी पाणी, वर्णनाला याहून चपखल काही सापडणार नाही. पण तो भाग गव्यांच्या अभयारण्यालगतचा. त्याला वेगळा दिवस द्या, कोल्हापूरच्या दिवसात कोंबू नका.

गोवा

खऱ्या अर्थाने क्रूझ हवी असेल तर मांडवीच. पणजीच्या सांता मोनिका जेटीवरून संध्याकाळी पर्यटन महामंडळाच्या बोटी सुटतात. तासाभराची फेरी, वरच्या डेकवर गाणी आणि गोव्याची लोकनृत्यं, दोन्ही काठांवर दिवे. मांडवी म्हणजे आपली म्हादई, खानापूर तालुक्यातल्या भीमगडच्या रानात उगम पावणारी. ज्या पाण्यावर आपण फिरतोय ते आपल्याच डोंगरातून आलंय, हे डेकवर उभं राहून मुलांना नक्की सांगा. त्याच नदीत कॅसिनोच्याही बोटी असतात. तिकीट घेताना कोणत्या बोटीचं घेतोय हे नीट बघा, आणि वयस्कर मंडळी असतील तर स्पीकरपासून लांबची जागा धरा.

घरं मात्र पणजीत नाहीत. बघण्यासारखी मोठी घरं दक्षिण गोव्यातल्या साष्टी तालुक्यात, लोटली आणि चांदोर भागात. चांदोरचं मिनेझिस ब्रागांझा यांचं घर सगळ्यात प्रसिद्ध. एकाच लांबलचक दर्शनी भिंतीमागे घराण्याच्या दोन शाखांची दोन घरं आहेत. पश्चिमेकडच्या भागात लुईश द मिनेझिस ब्रागांझा (1878–1938) यांचं ग्रंथालय आहे. गोव्यातलं पहिलं दैनिक ‘ओ हेराल्डो’ 1900 मध्ये सुरू करणाऱ्यांत ते होते आणि पोर्तुगीज सत्तेविरुद्ध त्यांनी निर्भयपणे लिहिलं. नाचाचा हॉल, झुंबरं, कोरीव खुर्च्या बघताना ही गोष्ट माहीत असली तर ते घर नुसतं श्रीमंतीचं प्रदर्शन वाटत नाही. चांदोर म्हणजे जुनं चंद्रपूर, कदंब राजांची राजधानी. आपल्या हलशीची देवळं बघितलेल्यांना हा धागा लगेच सापडेल. घर दाखवणारी माणसं बहुधा कोकणीत किंवा इंग्रजीत बोलतात. आपल्याला कोकणी बऱ्यापैकी कळते, फक्त हळू बोला म्हणून सांगायचं. ही राहती घरं आहेत. आधी फोन करून जा, आणि देखभालीसाठी ते मागतात ते पैसे खळखळ न करता द्या.

चांदोर ते पणजी चाळीसएक किलोमीटर. सकाळी घर, दुपारी जेवण, संध्याकाळी क्रूझ, हे जमतं. पण क्रूझ संपून गाडीत बसेपर्यंत आठ वाजतात. त्यानंतर चोर्ला घाट, कणकुंबीचं धुकं, जांबोटीच्या रानातली वळणं. घरातल्या म्हाताऱ्यांना आणि झोपलेल्या मुलांना घेऊन रात्री ही वाट धरू नये, हे मी ठामपणे सांगते. गोव्याचा बेत दोन दिवसांचा करा, मुक्कामासह, नाहीतर करूच नका. खर्च तिथेच दुप्पट होतो.

फक्त अर्धा दिवस असेल तर

बेळगावातच थांबा. ऑक्टोबर 1892 मध्ये स्वामी विवेकानंद बेळगावात आले तेव्हा आधी रिसालदार गल्लीत सदाशिवराव भाटे यांच्या घरी आणि नंतर किल्ल्यात वनाधिकारी हरिपद मित्र यांच्याकडे राहिले. दोन्ही जागा रामकृष्ण मिशनने स्मारक म्हणून जपल्या आहेत. भाटे यांचं घर राजवाडा नाही, मध्यमवर्गीय वाडा आहे, आणि म्हणूनच मला ते जवळचं वाटतं. त्या काळी आपल्या गावातलं घर कसं असे ते तिथे कळतं. तिथून किल्ला, 1204 मधली कमल बस्ती, आणि समोर किल्ला तलाव. बोटिंग चालू असलं तर मुलांची फेरी होते. रिक्षाने सगळं आटोपतं.

मग कुणी काय निवडावं?

एकच दिवस आहे आणि तीन पिढ्या बरोबर आहेत, तर सावंतवाडी, पण पावसाळा ओसरल्यावर. जून ते सप्टेंबर आंबोलीत धुकं आणि धबधब्यांवरची गर्दी असते, आणि बोटी तिन्हीकडे पावसावर अवलंबून. भर पावसात जायचंच असेल किंवा निपाणीकडून निघणार असाल, तर कोल्हापूर, बोटीचा विचार सोडून. मुलं कॉलेजात आहेत, दोन दिवस आहेत, खिशात थोडी ऐपत आहे, तर गोवा.

सावंतवाडीला जाताना एक क्रम पाळा, कारण इथे बरेच जण चुकतात. तलाव संध्याकाळसाठी राखून ठेवतात, आणि मग घाट अंधारात चढावा लागतो. उलट करा. पहाटे सहाला बेळगाव सोडा, नऊच्या आत तलावावर पोचा. त्या वेळी ऊन कोवळं असतं आणि काठ मोकळा. बोटीत बसायचं तर लाइफ जॅकेट मागून घ्या, मिळालं नाही तर बसू नका. मग राजवाडा उघडताच आत जा, कारण दुपारी तो काही वेळ बंद ठेवतात. दरबार हॉलला घाई न करता तासभर द्या. माशांचं जेवण, सोलकढी, चितारआळी, आणि साडेतीन-चारला परतीला लागा. उजेडात घाट चढून आंबोलीत चहा होतो आणि रात्रीच्या जेवणाला तुम्ही घरी असता. निघण्याच्या आदल्या दिवशी राजवाड्यात फोन करून सुट्टीचा वार आणि वेळ विचारून घ्या. राजघराण्याचा कार्यक्रम असला तरी दरबार हॉल बंद असू शकतो.