मॉड्युलर मोनोलिथ की मायक्रोसर्व्हिसेस?

टीम दहा-बारा जणांची असेल तर नवी सिस्टीम उभी करताना हा प्रश्न लगेच समोर येतो. मायक्रोसर्व्हिसेस म्हणजे नेटवर्कवरून एकमेकांशी बोलणारे छोटे स्वतंत्र प्रोग्राम; मॉड्युलर मोनोलिथ म्हणजे एकच प्रोग्राम, पण आत ठरलेल्या सीमांच्या भागांत, म्हणजे मॉड्यूल्समध्ये, विभागलेला. दोन्ही पद्धतींत काम केल्यावर माझा कल मॉड्युलर मोनोलिथकडे आहे. तुमची गरज वेगळी असूही शकते.

मायक्रोसर्व्हिसेस आपोआप शिस्त लावतात, असं म्हणतात. मध्ये नेटवर्क आलं की दुसऱ्याच्या आतल्या क्लासला हात लावता येत नाही, हे खरंच. पण दोन सर्व्हिसेस एकच टेबल वाचत असतील, तर एका कॉलमचं नाव बदललं की दोन्ही बंद पडतात.

मला खटकतं ते मात्र दुसरंच. ऑर्डर नोंदवली, स्टॉक सर्व्हिसला साठा कमी करायला सांगितलं आणि टाइमआउट आला. साठा कमी झाला की नाही? विनंती पोचलीच नसेल, किंवा काम होऊन नुसतं उत्तर हरवलं असेल. पुन्हा कॉल केला तर साठा दोनदा वजा व्हायची भीती. मग प्रत्येक विनंतीला इडेम्पोटन्सी की (तीच विनंती पुन्हा आली तर ओळखू येईल अशी खूण) द्या, आणि साठा वजा होतो त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळे बदल एकत्र होतात, नाहीतर एकही नाही) ती युनिक कन्स्ट्रेंटसह, म्हणजे तीच की दोनदा न घेणाऱ्या अटीसह, साठवा. ऑर्डरकडे आउटबॉक्स टेबल (पाठवायच्या मेसेजेसची नोंद) ठेवा, त्यातल्या नोंदी ब्रोकरकडे, म्हणजे मेसेज वाटणाऱ्या यंत्रणेकडे, पोचवणारा रिले चालवा. वारंवार फसणाऱ्या मेसेजेससाठी डेड लेटर क्यू (ते बाजूला ठेवायची रांग) लागते, आणि ती नेमाने बघणारं कुणीतरी लागतं. साठाच नसेल तर ऑर्डर रद्द करण्याचं कोड वेगळं. एकाच डेटाबेसवर हे सगळं बिगिन, दोन बदल, कमिट एवढ्यात आटोपतं. मध्येच फसलं तर रोलबॅक, म्हणजे दोन्ही बदल मागे.

मोनोलिथची दुखरी जागा म्हणजे घाई. कुणीतरी ऑर्डरच्या क्वेरीत स्टॉकचं टेबल जॉइन करतं, रिव्ह्यूत ते नजरेतून सुटतं आणि पुढे तोच पायंडा पडतो. तोंडी नियम इथे टिकत नाहीत. सीमा ओलांडली की बिल्डच पडायला हवा. त्यासाठी जावात आर्कयुनिट, पायथनमध्ये इम्पोर्ट लिंटर, जावास्क्रिप्टमध्ये डिपेंडन्सी क्रूझर आहे. कोड जुना असेल तर आर्कयुनिटच्या फ्रीझ सोयीने आधीची उल्लंघनं नोंदवून ठेवा आणि फक्त नवी अडवा.

या साधनांना कोडमधली अवलंबित्वं दिसतात, क्वेरीतले जॉइन दिसत नाहीत. म्हणून पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये प्रत्येक मॉड्यूलला स्वतःचा स्कीमा (टेबलांचा वेगळा कप्पा) आणि फक्त त्याच स्कीमावर हक्क असलेला रोल (डेटाबेसमधली ओळख) द्या. ॲप्लिकेशनचा लॉगिन रोल नोइनहेरिट ठेवा, म्हणजे त्याला बाकी रोल्सचे हक्क आपोआप मिळत नाहीत, आणि मॉड्यूलमध्ये शिरताना सेट लोकल रोल करून त्या ट्रान्झॅक्शनपुरता त्या मॉड्यूलचा रोल घ्या. ट्रान्झॅक्शन एकच राहतं, पण परक्या टेबलावर परवानगीची एरर येते. बाहेर पडताना आधीचा रोल परत लावायचा, हे हमखास विसरलं जातं. ते रॅपरमध्येच, म्हणजे मॉड्यूलचा प्रत्येक कॉल ज्यातून जातो त्या फंक्शनमध्येच, टाका.

एखाद्या भागाला बाकीच्यांपेक्षा खूप जास्त मशिन्स लागत असतील, किंवा स्वतंत्र टीमचं रिलीज दुसऱ्यांमुळे सतत अडत असेल, तर तेवढं एक मॉड्यूल बाहेर काढावं. स्कीमा आधीच वेगळा असल्यामुळे तेव्हा डेटा सोडवत बसावं लागत नाही.