स्वल्पविरामांची माळ आणि पोस्टग्रेसचा अॅरे: काही महिने वापरल्यावर

पोस्टग्रेस या डेटाबेसमधल्या आमच्या जुन्या टेबलात टॅगचे आयडी एकाच टेक्स्ट कॉलममध्ये स्वल्पविरामांनी जोडलेले आहेत: '१,१२,३०' असे. त्यात १, ७, ३० पैकी काही आहे का, हे शोधायला लाइकच्या (मजकुराचा नमुना जुळवणाऱ्या, % म्हणजे तिथे काहीही चालेल) अटी ऑरने ('किंवा'ने) जोडलेल्या होत्या. '%१%' म्हटलं की १२ पण सापडतो, २१ पण. दोन्ही टोकांना स्वल्पविराम चिकटवले की उत्तर बरोबर येतं, पण दरवेळी सगळं टेबल वाचावं लागतं.

कॉलमला हात न लावता स्ट्रिंग_टू_अॅरेवर (माळ तोडून तिचा अॅरे म्हणजे यादी करणारं फंक्शन) जिन इंडेक्स (यादीतल्या घटकावरून ओळी पटकन शोधून देणारी सूची) टाकला. आता && म्हणजे 'यातलं एक तरी' आणि @> म्हणजे 'सगळेच'. क्वेरी वाचताक्षणी कळते, हे मला वेगापेक्षाही जास्त आवडलं. अट एकच: इंडेक्समधलं एक्स्प्रेशन क्वेरीत जसंच्या तसं हवं. स्वल्पविरामानंतर मोकळी जागा असेल तर ' १२' ही वेगळीच किंमत धरली जाते. ती मोकळी जागा काढणारं रिप्लेस फंक्शनही मग इंडेक्स आणि क्वेरी दोन्हीकडे लागतं.

खरी गंमत रिकाम्या यादीची. वापरकर्त्याने एकही टॅग निवडला नाही, तर @> नल (काहीच भरलेलं नाही अशा) ओळींखेरीज सगळ्या ओळी देतो आणि && एकही देत नाही. तर्काने दोन्ही बरोबर, पण स्क्रीनवर काय दिसायला हवं ते आपणच ठरवायचं.

मजकुराचा तुकडा शोधणं हे काम निराळं, तिथे अॅरेचा उपयोग नाही. त्यासाठी पीजी_टीआरजीएम (मजकुराचे तीन-तीन अक्षरांचे तुकडे करून शोधणारं पोस्टग्रेसचं एक्स्टेन्शन) घेतलं. लाइक एनीमध्ये शब्दांची यादी देता येते आणि पोस्टग्रेस ९.१ पासून (२०११) दोन्ही बाजूंना टक्के असलेल्या लाइकलाही त्याचा इंडेक्स लागू पडतो. तीन अक्षरांपेक्षा लहान शब्दाला मात्र त्याचा फायदा जवळपास शून्य. शोधायच्या शब्दातच % किंवा _ (लाइकमध्ये कोणतंही एक अक्षर) असेल तर एस्केप करा, म्हणजे ती साधी चिन्हं धरली जातात. स्ट्रपॉस (तुकडा मजकुरात कुठे आहे ते सांगणारं फंक्शन) वापरलं तर ती कटकट टळते, पण इंडेक्सही हातचा जातो.

मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसचं, अशाच माळेत शोधणारं फाइंड_इन_सेट छोट्या टेबलाला पुरतं, पण ते एका वेळी एकच किंमत बघतं आणि इंडेक्स वापरत नाही. नवं टेबल करत असाल तर यातलं काहीच नको, सरळ वेगळं जोड-टेबल (प्रत्येक टॅगला एक ओळ) करा.

तक्रार जिनच्या लिखाणाबद्दल: नव्या ओळी घालताना ते सावकाश चालतं. मोठी भरती असली की आम्ही इंडेक्स काढून नंतर पुन्हा बांधतो. आणि 'यातलं एकही नाही' अशी यादी काढताना कॉलममध्ये नल असलेल्या ओळी गुपचूप गळतात. तिथे कोअलेस (नलच्या जागी दुसरी किंमत देणारं फंक्शन) लावून रिकामी स्ट्रिंग द्यावी लागते.