रोटरी हॅमर ९ महिने वापरून: जांभ्याचा चिरा, काँक्रीट आणि बिटाचं फुललेलं बूड

मशीन घेतलं गेल्या चतुर्थीच्या आधी आठवडाभर, आता मे अर्धा संपला, म्हणजे झाले ९ महिने. लगेच लिहिणार होतो पण पहिल्या आठवड्यात कुठलंही मशीन चांगलंच वाटतं, म्हणून म्हटलं एक सीझन काढू दे. आमचं डिचोलीला छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, ग्रिल, रेलिंग, गेट, पत्र्याच्या शेड. म्हणजे मशीन शोकेसमध्ये नव्हतं, रोज शिडीवर होतं.

२६ एमएमवालं, ८०० वॅट, एसडीएस प्लस चक (बिट चावीशिवाय नुसता आत ढकलून बसवायचा), तीन मोड. बॉक्सवर २.७ ज्यूलचा ठोका आणि मिनिटाला ४००० ठोके असं छापलंय. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण पुढे तक्रार आहे आणि त्यातली अर्धी चूक माझीच आहे.

आधी साधं इम्पॅक्ट ड्रिल होतं, १३ चा चावीवाला चक. बरेच जण मला विचारतात की दोन्ही हॅमरच ना मग तिप्पट पैसे कशाला, तर नाही बाबांनो, दोन्हीचा ठोका वेगळा आहे. इम्पॅक्ट ड्रिलमध्ये आत दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासत उड्या मारतात, ठोके प्रचंड पडतात पण प्रत्येक ठोका म्हणजे टिचकी, आणि तुम्ही अंगाचा जोर लावून दाबलं नाही तर तेवढीही नाही. रोटरीमध्ये मोटर एक पिस्टन पुढेमागे करते, त्याच्यापुढे हवा कोंडलेली असते, ती हवा स्ट्रायकरला फेकते, स्ट्रायकर मधल्या बोल्टवर आपटतो आणि तो बिटाच्या बुडावर. चकमध्ये बिट घट्ट धरलेला नसतोच, सेंटीमीटरभर पुढेमागे हलतो, म्हणून ठोका सरळ टोकाला जातो. एसडीएसचा हा प्रकार बॉशने १९७५ मध्ये काढला, आणि आज कुठल्याही कंपनीचा एसडीएस प्लस बिट कुठल्याही एसडीएस प्लस मशीनला बसतो हे त्याचं मोठं सुख. फक्त धरायची सवय बदलावी लागते, दाबायचं नाही. आमचा हाताखालचा पोरगा पहिले पंधरा दिवस जुन्या सवयीने पोट लावून रेटायचा आणि वर म्हणायचा, "दादा, हे मारतच नाही." मारणार कसं, रेटून रेटून तू त्याचा श्वास कोंडतोयस मरे!

काँक्रीटमध्ये काम एक नंबर, यात वाद नाही. १० चं भोक ६० एमएम खोल, पंधरा सेकंदात पार. हिशोब केला तर त्या एका भोकात हजारभर ठोके पडले. दिवसाला ४० भोकं म्हणजे ४० हजार. हा आकडा डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

चिऱ्यात मात्र वेगळी कथा. गोव्याबाहेरच्या लोकांचे रिव्ह्यू बघितले तर सगळे वीट आणि आरसीसीवर बोलतात, आपल्याकडे अर्ध्या भिंती चिऱ्याच्या. आसगावला एका जुन्या घराच्या बाल्कनीचं रेलिंग होतं, वरून गिलावा छान गुळगुळीत, मी सवयीने हॅमर मोडवर ठेवून ट्रिगर दाबला आणि दोन सेकंदांत बिट लोण्यात गेल्यासारखा आत. बाहेर काढला तर १२ चं भोक तोंडाशी २० चं झालेलं, लाल भुकटी भळाभळा खाली, आणि चिऱ्याचा एक कोपरा गिलाव्यासकट पायावर. मालक मागेच उभे, काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले, ते जास्त लागलं. चिरा आतून जाळीदार, कुठे कडक कुठे मातीच, त्याला ठोका सोसत नाही. आता चिऱ्यात सरळ नुसतं फिरवायच्या मोडवर ड्रिल करतो, भोक सरळ आणि मापात येतं. साधा अँकर फास्टनर तिथे फुगून धरत नाही, भोवतालचा चिराच चुरतो, म्हणून जाळीच्या स्लीव्हमध्ये केमिकल (भोकात भरायची, नंतर कडक होणारी पेस्ट), नाहीतर आरपार बोल्ट आणि आतून पट्टी. खर्च वाढतो. पण रेलिंगला माणूस टेकणार आहे, तिथे कंजूषी नको.

आता तक्रार. शिगम्याच्या थोडं आधी मशीन मंदावलं. मोटर तशीच फिरते, आवाज तसाच, पण ठोका नाही, पंधरा सेकंदांच्या भोकाला मिनिट लागायला लागला आणि बिट लालभडक. दुकानात नेलं, तो म्हणाला सर्व्हिसला पाठवावं लागेल, तीन आठवडे, वॉरंटीत बसेल की नाही सांगता येत नाही कारण सहा महिने उलटले. तीन आठवडे मशीन नाही म्हणजे माझं दुकान बंद. मग म्हटलं वॉरंटी गेली चुलीत, उघडूया.

रविवारी दुपारी पेपर पसरून उघडलं. ग्रीस असतं मधासारखं, आत निघाली काळपट लाल चिकट चटणी, बोटावर चोळली तर कचकच. चिऱ्याची आणि सिमेंटची धूळ, चकमधून आत गेलेली. कारण मी जानेवारीत कुंडईला एका शेडच्या स्लॅबला उलटी भोकं मारली होती, शंभराच्या वर, सगळी डोक्यावर, धूळ सरळ चकच्या तोंडात. स्ट्रायकरची ओ-रिंग काढली तर एका बाजूने चपटी आणि कडक, नखाने भेगा पडत होत्या. ती हवा धरत नव्हती म्हणून ठोका जात नव्हता, मशीनला बाकी काही झालं नव्हतं. ओ-रिंगचा सेट १८० रुपये, नवीन ग्रीस, रॉकेलने धुतलं, दोन तासांत मशीन परत जिवंत. तीन आठवडे कशाला लागतात ते देव जाणे.

पण दुसरी गोष्ट बाबांनी पकडली. ते खुर्चीवर बसून बघत होते, त्यांनी माझा जुना १० चा बिट उचलला, बुडावरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि म्हणाले, "हे बघ, फुललंय." खरंच, बुडाची कडा बाहेर वळलेली, पावसातल्या अळम्याच्या टोपीसारखी, आणि मध्ये वाटीसारखा खळगा. आतल्या बोल्टचं तोंड बघितलं तर त्यावरही तशीच गोल चकाकती खूण. दोन्ही तोंडं सपाट भिडली तर ठोका पूर्ण पलीकडे जातो, एक वाकडं झालं की ठोका कडेवर बसतो, तिथे धातू दबतो, आणखी फुलतो, मग पृष्ठभागाच्या खाली बारीक भेगा आणि एक दिवस खपली उडते. रोज ४० हजार वेळा. स्वस्तातला बिट वापरला की त्याचं बूड मऊ, ते आधी फुलतं आणि मग चकमधून बाहेरच येत नाही, मला एक बिट व्हाइसमध्ये धरून ओढावा लागला होता तेव्हाच कळायला हवं होतं.

बाबा मायनिंगमध्ये होते, क्रशरच्या वर्कशॉपला, २०१२ ला मायनिंग थांबलं तेव्हा घरी आले आणि हे दुकान काढलं. ठोक्याने लोखंड कसं झिजतं हे त्यांनी मापून नाही, हाताने शिकलंय. क्रशरच्या जॉ प्लेट, म्हणजे दगड चिरडणारे जबडे, मँगनीज स्टीलच्या असतात, बारा टक्क्यांच्या आसपास मँगनीज, हॅडफील्ड नावाच्या इंग्रजाने १८८२ मध्ये शोधलेलं स्टील. गंमत अशी की नवीन प्लेटला कानस लागते, आणि दगडाचा मार खाल्लेल्या प्लेटवरून तीच कानस घसरते. मार बसेल तेवढी वरची कातडी कडक. पण नुसतं घासलं, ठोका नाही बसला, तर तीच प्लेट साध्या लोखंडासारखी झिजते. मग मी विचारलं की बिटाचं बूडही तसलंच का नाही बनवत. म्हणाले, "अरे, ती प्लेट थोडी पसरली तर कुणाचं अडतंय? इथे अर्धा एमएम फुललं की चक अडकला."

हे ऐकून मी ग्राइंडरजवळच्या डब्यातल्या छिन्न्या बघितल्या, सगळ्यांची डोकी फुललेली. हातछिन्नीचं डोकं मुद्दाम मऊ ठेवतात, हातोडीचा टवका उडू नये म्हणून, त्यामुळे ते फुलणारच, पण ती कडा वेळेवर घासून काढायची असते, नाहीतर एखाद्या ठोक्याला कपची उडते. माझ्या मनगटात २०१९ पासून एक तसली कपची आहे, दिसते पण टोचत नाही.

धार लावायची भानगड वेगळीच. छिन्नीचं स्टील ग्राइंड करताना सारखं पाण्यात बुडवायचं, निळं पडलं की स्टीलला दिलेला कडकपणा उतरला समजा, धार मऊ. आणि बिटाच्या टोकाला बसवलेला अतिकडक तुकडा, म्हणजे कार्बाइड, मात्र गरम असताना पाण्यात बुडवायचं नाही, तडकतं. त्याला करडा व्हील चालत नाही, हिरवा लागतो. मी दोन बिट असे बुडवून घालवले. तसंही कॅलिपरने मोजा, नवीन १० चा बिट १०.४ च्या आसपास भरतो, तो १०.१ वर आला की धार लावून उपयोग नाही, भोक बारीक पडतं आणि अँकर अर्ध्यात अडकतो. सळी लागली तर हॅमर मारत बसू नका, कार्बाइड दाब सोसतं पण अशा आडव्या धक्क्याला कपची जाते, आणि स्लॅबची सळी कापणं हा मुळातच गाढवपणा. भोक दोन इंच सरकवा. सळीत बिट अडकला तर क्लच सुटतो आणि मशीन कर्रर्र करतं, त्या बाबतीत हे मशीन छान आहे, हात पिरगळत नाही. तरी साइड हँडल लावाच.

लोखंडात ड्रिल करायला अ‍ॅडॉप्टर लावून साधा चक दिलाय. फक्त फिरवायच्या मोडवर वापरायचा, हे मी भिंतीवर खडूने लिहून ठेवलंय कारण पोरग्याने एकदा ८ एमएमच्या प्लेटवर एचएसएस (लोखंड कापायचा) बिट लावून हॅमर चालू केला, बिटाच्या दोन्ही धारा दाण्यासारख्या उडाल्या आणि चक तेव्हापासून डुगडुगतो. लोखंडाला ठोका नको, कापू द्या. माइल्ड स्टीलमध्ये १० च्या बिटाला ८०० आरपीएम पुरतात, हे मशीन ९०० वर फिरतं, म्हणजे बरोबर. स्टेनलेसला निम्मा स्पीड, तेल, आणि सतत दाब, नुसतं घासत राहिलात तर ते जागच्या जागी कडक होतं, वर सांगितलेल्या प्लेटची चुलतबहीणच.

बाकी किरकोळ. कार्बन ब्रश आठव्या महिन्यात बदलले, आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं तो हिशोब त्यात धरा. दिवसभर मारलं की रात्री बोटं मुंग्या आल्यासारखी बधिर होतात, म्हणून आता तासाला हात बदलतो. उलट्या भोकांसाठी बिटावर कप सरकवतो, बाबांनी करवंटीला भोक पाडून बनवला होता, चालला दोन दिवस, मग फुटला, आता अर्धा कापलेला रबरी चेंडू आहे. डोक्यावर मारताना मास्क आणि चष्मा, काँक्रीटची धूळ फुप्फुसात जाते ती परत येत नाही. आणि प्रत्येक वेळी बिट लावताना बूड फडक्याने पुसून वाटाण्याएवढं ग्रीस. मॅन्युअलमध्ये पहिल्याच पानावर होतं, मी मॅन्युअल उघडलंच नव्हतं.

परत घेईन का? हो, हेच घेईन, पण पहिल्या दिवशीच ओ-रिंगचा एक जादा सेट आणि चार चांगले बिट घेऊन. दोष सांगायचा तर वायर आखूड आहे, अडीच मीटर, शिडीवर चढलं की जोडणी हवेत लोंबते, आणि मोड बदलायचं बटण घामेजल्या हाताने फिरत नाही. परवा मडकईला एका शेडचं काम आहे, मृगाच्या आत पत्रे चढवायचेत, ६४ भोकं, सगळी काँक्रीटमध्ये, एक सोडून सगळी सरळ. ती एक उलटी पोरगा मारणार म्हणतोय, चेंडू त्यानेच कापलाय.