‘पडणे’भोवती विणलेली शब्दकोडी

इंदूरच्या खजुरी बाजारात मिळालेल्या या पातळ पुस्तिकेतील प्रत्येक शब्दकोड्याचे मुख्य शब्द ‘पडणे’ या क्रियेभोवती गुंफलेले आहेत. मराठीत ही कल्पना फळण्याजोगी आहे, कारण पान गळते, भिंत ढासळते, दरड कोसळते, अश्रू ओघळतो आणि अंगठीतला खडा निखळतो. काय पडले हे सूत्रात सांगितले की नेमके क्रियापद आपोआप हाती येते.

रचनाकाराने हे भान जिथे राखले आहे, तिथे पुस्तिका खरोखर रंगते. ‘वीर येथे पडतो’ याचे उत्तर ‘धारातीर्थी’, तर ‘संकट असे पडले तर लाभच’ याचे ‘पथ्यावर’. सर्वांत देखणे कोडे ‘प्रपात’ या आडव्या शब्दाचे आहे. त्याच्या मधल्या ‘पा’पासून महूजवळच्या धबधब्याचे ‘पाताळपाणी’ हे नाव उभे खाली उतरते आणि इंदूरकराला त्यासाठी सूत्र वाचण्याचीही गरज पडू नये. (ऐन मे महिन्यात तिथे जाऊन कोरडा कडा पाहून परतलेल्यांची गोष्ट वेगळी.)

मात्र ‘पडणे (३)’ एवढेच सूत्र देऊन रचनाकार मोकळा होतो, तेव्हा सोडवणाऱ्याचा वैताग रास्त ठरतो. गळणे, झडणे, ढळणे हे तिन्ही शब्द तिथे बसतात. आपल्या शब्दकोड्यात काना-मात्रेसह पूर्ण अक्षर एका चौकोनात येत असल्यामुळे या तिघांचाही शेवटचा चौकोन ‘णे’च असतो, आणि नेमका तिथूनच ‘नाणेफेक’सारखा उभा शब्द नेल्यावर तो सोडवूनही काहीच उलगडत नाही. छेद पहिल्या अक्षरावर घेतला असता, म्हणजे ‘पानगळ’मधल्या ‘ग’वरून ‘गळणे’ काढले असते, तर हा घोळ टळला असता.

‘भावातील उतार’ याचे उत्तर ‘गिरावट’ दिले आहे, तेही खटकते. आमच्या बोलण्यात हिंदी मिसळते हे मान्य. परंतु ‘घसरण’ हा शब्दही चारच अक्षरांचा आहे, फक्त छेदणारे शब्द बदलण्याचे कष्ट घ्यावे लागले असते.

छपाई सुबक आहे, चौकोन ऐसपैस आहेत आणि उत्तरे शेवटी एकत्र दिली आहेत. वाक्प्रचारांवरच्या कोड्यांसाठी ही पुस्तिका अवश्य घ्यावी. कागद पातळ असल्याने शाई मागच्या कोड्यावर उमटते, म्हणून ती पेन्सिलीनेच सोडवावी.