एनलाइटने बनवलेली एक्सपीची डिस्क: एफ६ आणि फ्लॉपीपासून सुटका

विंडोज एक्सपी ज्यांनी हाताने टाकलीय त्यांना तो स्क्रीन आठवत असेल, साधारण ३९ मिनिटं लागतील असं सांगतो आणि आपण उठून दुसऱ्या कामाला लागलो की मधेच टाइम झोन विचारून थांबतो. परत येऊन बघावं तर तासभर तिथेच अडकलेला. मग नाव विचारणार, मग प्रॉडक्ट की, मग पासवर्ड, मग नेटवर्क. आणि एवढं सगळं करून शेवटी ६४० बाय ४८०चा फुगलेला डेस्कटॉप, आवाज नाही, नेट नाही, आणि नेटचा ड्रायव्हर डाउनलोड करायला नेट पाहिजे!

आता एक्सपी कोण वापरतं असं विचाराल, बरोबरच आहे, सपोर्ट एप्रिल २०१४ लाच संपला. पण माझ्याकडे एक जुना डेस्कटॉप आहे ज्याला मोजमापाचं एक मशीन जोडलंय आणि त्याचं सॉफ्टवेअर एक्सपीच्या पुढे चालतच नाही. नेटला तो जोडत नाही. वर्षा-दोन वर्षातून एकदा तो पूर्ण पुसून नव्याने उभा करावा लागतो, म्हणून एकदाच बसून एनलाइटने (विंडोजची इन्स्टॉल सीडी आपल्याला हवी तशी बदलून देणारं सॉफ्टवेअर) त्याची डिस्क बनवली.

एनलाइट फुकट आहे, विंडोज २०००, एक्सपी आणि सर्व्हर २००३ साठी चालतं, त्याला डॉट नेट फ्रेमवर्क २.० लागतं. मूळ सीडी हार्ड डिस्कवर एका फोल्डरमधे कॉपी करायची आणि एनलाइटला तो फोल्डर दाखवायचा, मग सर्व्हिस पॅक (मायक्रोसॉफ्टच्या दुरुस्त्यांचा गठ्ठा), ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर), अनअटेंडेड (प्रश्न न विचारता आपोआप इन्स्टॉल), आयएसओ (सीडीवर लिहायची एकच मोठी फाइल) अशी बटणं येतात, हवी ती निवडायची आणि नेक्स्ट नेक्स्ट करत जायचं. सर्व्हिस पॅक ३ मिसळणं म्हणजे फाइल दाखवा आणि वाट बघा, बस. पण ते करायचंच, कारण २००१ ची मूळ सीडी १३७ जीबीच्या पुढची डिस्क ओळखत नाही.

खरी मजा (आणि खरी हमाली) ड्रायव्हरची. एनलाइटला सेटअपची ईएक्सई फाइल चालत नाही, त्याला आयएनएफ (ड्रायव्हर कसा टाकायचा ते सांगणारी) फाइल लागते, म्हणजे आधी प्रत्येक ड्रायव्हर सेव्हन झिपने वगैरे उघडून आतला फोल्डर बाहेर काढायचा. कुठला ड्रायव्हर लागेल तेच माहीत नसेल तर चालू मशीनवर डिव्हाइस मॅनेजरमधे हार्डवेअर आयडी बघा, त्यात व्हेन (VEN) म्हणजे कंपनी आणि डेव्ह (DEV) म्हणजे वस्तू, व्हेन ८०८६ दिसला की समजा इंटेल. हे पुसायच्या *आधी* करायचं बरं का, मी नंतर करायला गेलो होतो. एनलाइटचं काम अर्ध्या तासाचं, ड्रायव्हर गोळा करण्यात माझा अख्खा रविवार गेला, आणि त्यात एनलाइट काहीच मदत करत नाही.

त्यातही दोन प्रकार आहेत हे नीट समजून घ्या. साउंड, लॅन, ग्राफिक्स हे पीएनपी (प्लग अँड प्ले), ते हवे तितके टाका, जागा जाईल फक्त. पण साटा कंट्रोलरचा (हार्ड डिस्क जिला जोडतात त्या चिपचा) ड्रायव्हर टेक्स्टमोड म्हणून टाकावा लागतो, कारण तो सेटअपच्या सुरुवातीच्या निळ्या स्क्रीनलाच लागतो. पूर्वी ह्याच्याचसाठी एफ६ दाबून फ्लॉपी घालायला लागायची, आता फ्लॉपी ड्राइव्ह कुठून आणणार. हा ड्रायव्हर नसेल तर एकतर हार्ड डिस्कच दिसत नाही नाहीतर शेवटी ७बी असलेला स्टॉप एरर येतो. एनलाइट इथे एक यादी दाखवून विचारतं कुठला कंट्रोलर, इंटेलचा असेल तर आयसीएच ७, आयसीएच ७ एम अशी एकसारखी नावं, शेवटचा एम म्हणजे लॅपटॉपचा. मी पहिल्यांदा घाईत भलताच निवडला आणि एक सीडी वाया घालवली. बायोसमधे (मशीन चालू होतानाच्या सेटिंगमधे) डिस्कचा मोड एएचसीआय बदलून जुना आयडीई केलं तर ही सगळी भानगडच टळते हेही खरं, पण सगळ्या बायोसमधे ते सेटिंग नसतं.

अनअटेंडेडचं पान एकदम आवडलं. प्रॉडक्ट की, नाव, टाइम झोन, वर्कग्रुप सगळं आधीच भरून ठेवायचं, ते विननट डॉट सिफ नावाच्या साध्या टेक्स्ट फाइलमधे जातं. साध्या म्हणजे कुणीही नोटपॅडमधे उघडून तुमची की वाचेल अशी, तेव्हा ही डिस्क कोणाला देऊ नका. कुठल्या पार्टिशनवर टाकायचं हा प्रश्न मात्र मी मुद्दाम चालू ठेवलाय. तेवढं एक उत्तर मी हाताने देणार, कारण चुकून डिस्क आत राहिली आणि मशीन आपोआप सगळं पुसायला लागलं तर डेटाचं काय!

आता कंपोनंट्सचं पान. नको ते भाग काढून विंडोज हलकी करा म्हणतात, लोक एनलाइट ह्याच्याचसाठी डोक्यावर घेतात आणि माझं मत नेमकं उलटं आहे, तिकडे जाऊच नका. हौसेने मी भाषांची यादी साफ केली होती, नंतर मराठी फाइल उघडली तर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन, आणि ते दुरुस्त करायला विंडोज ज्या फाइली मागत होती त्या मीच डिस्कवरून उडवलेल्या. चूक माझीच, पण एका टिकने काय काय जाईल हे आधी कळणं खरंच अवघड आहे. सीडी ७०० एमबीची, सर्व्हिस पॅक आणि एका मशीनचे ड्रायव्हर टाकून आरामात बसतं, कापाकापीची गरज काय?

आणखी एक, बदल करायचा असेल तर त्याच फोल्डरवर परत एनलाइट चालवू नका, मूळ सीडीची नवी कॉपी घ्या. जुन्या सेटिंग सेव्ह असतात, त्या लोड करता येतात. आयएसओ झाली की आधी व्हर्च्युअल मशीनमधे (सॉफ्टवेअरने बनवलेल्या खोट्या कॉम्प्युटरमधे) चालवून बघा. साटाचा ड्रायव्हर तिथे तपासता येत नाही पण प्रॉडक्ट की चुकली असेल तर लगेच कळतं.

विंडोज ७ आणि पुढच्यासाठी हे चालत नाही, तिथे त्याच माणसाचं एनटीलाइट आहे, ते वेगळं प्रकरण. एक्सपीपुरतं मी एनलाइटला पाचपैकी चार देईन, एक कापला तो कंपोनंट्सच्या पानासाठी. डिस्कवर मार्करने मशीनचं नाव आणि तारीख लिहा तेवढी, माझ्याकडे नुसतं एक्सपी लिहिलेल्या तीन आहेत आणि त्यातली एक ती चौकोनवाली.