गवंडी माशीसाठीचं थरांचं लाकडी घर: पाचपैकी चार, एक तारा छपरापायी कापला

बांधकामाच्या साइटवर सुपरवायझरी करण्यात उभी हयात गेली, त्यामुळे घर कुणाचंही असो, माझी नजर आधी छपराकडे जाते. पण छपराचं गाऱ्हाणं नंतर. आधी वस्तू काय आहे ते सांगतो. गवंडी माशी म्हणजे नळीसारख्या पोकळीत मातीच्या भिंती घालून अंडी घालणारी मधमाशी, आणि हे तिच्यासाठीचं तयार घर. लाकडाचे सपाट थर एकावर एक रचलेले, प्रत्येक थरात समांतर खाचा, खाच आठ मिलिमीटर रुंद आणि पंधरा सेंटिमीटर लांब, मागची बाजू बंद. सगळे थर दोन लांब बोल्टांनी आवळलेले. बोल्ट सैल केले की पूर्ण घर थराथरानं उघडतं. वरच्या एका थराला पारदर्शक प्लास्टिकचं झाकण आहे आणि त्यावर सरकती फळी, म्हणजे फळी ओढून आत डोकावता येतं.

खोक्यावरचं चित्र मात्र साफ चुकीचं आहे. त्यावर पोळं दाखवलंय आणि पोळ्यातून ओघळणारा मध. गवंडी माशी पोळं बांधत नाही, तिच्यात राणी-कामकरी नसतात, काढून घ्यावा असा मध ती साठवत नाही. जगात मधमाश्यांच्या वीस हजारांच्या आसपास जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक अशाच एकेकट्या राहतात. जागा शोधणं, माती वाहणं, परागकण गोळा करणं, अंडं घालणं, सगळं एकटी मादीच करते. मधासाठी कुणी हे घर मागवणार असेल तर पैसे वाचवा. लहान मुलं आहेत म्हणून कचरत असाल तर कचरू नका. राखायला पोळंच नसल्यानं ही माशी सहसा कुणाच्या वाटेला जात नाही आणि नराला तर नांगीच नसते.

आता लांबीचं बोलतो, कारण खरी किंमत तिथेच आहे. बाजारात जास्त दिसतात ती खोक्यात बांबूच्या कांड्या ठासलेली घरं. तसलं एक मला कुणीतरी भेट दिलं होतं. कांड्या जेमतेम आठ सेंटिमीटर, दोन्ही टोकांनी आरपार, कापलेल्या कडांना कुसं, आणि सगळं गोंदानं असं चिकटवलेलं की एकही कांडी बाहेर निघत नाही. शोभेला म्हणून मधे पाइनची बोंडं. त्या बोंडांत कोण राहायला येणार, हे बनवणाऱ्यालाच ठाऊक!

आखूड कांडी का वाईट, याचं उत्तर ज्यां-आंरी फाब्र नावाच्या फ्रेंच मास्तरांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी शोधून ठेवलंय. गवंडी माशी मिलनात मिळालेलं शुक्र शरीरात साठवते. अंडं फलित करून घातलं तर मादी होते, तसंच घातलं तर नर. नळीच्या तळाशी ती मादीची अंडी घालते आणि तोंडाजवळ नराची, कारण ऋतू आला की नर आधी बाहेर पडतात. फाब्र यांनी ओस्मिया, म्हणजे अशाच गवंडी माश्यांना, काचेच्या नळ्या आणि देवनळाच्या कांड्या राहायला दिल्या, लांबी-रुंदी बदलून पाहिली आणि दाखवून दिलं की आखूड किंवा अरुंद जागा मिळाली की माशी नर जास्त घालते. म्हणजे आठ सेंटिमीटरच्या कांड्यांत गर्दी झालेली दिसते, फोटोही छान येतात, आणि पुढच्या हंगामात बाहेर पडतात नुसते नवरदेव. पंधरा सेंटिमीटरच्या या खाचांना म्हणून माझ्याकडून पूर्ण गुण.

पारदर्शक झाकणाखालून जे दिसतं त्यासाठी मी फळी दिवसातून किती वेळा सरकवतो ते घरच्यांना विचारू नका. माशी आधी डोकं पुढे करून आत शिरते आणि पोटातला मकरंद ओकते. मग बाहेर येते, उलटी फिरते आणि पाठमोरी आत जाऊन पोटाखालच्या केसांत भरून आणलेले कोरडे परागकण झाडून टाकते. नळी फिरायला पुरेशी रुंद नसल्यानं वळण घ्यायला तिला दर खेपेला दारापर्यंत यावं लागतं. परागाचा गोळा पुरेसा झाला की त्यावर एक अंडं, मग मातीची भिंत, मग पुढची खोली. शेवटी दाराशी बहुधा एक खोली रिकामी ठेवते आणि तोंडावर जाड बूच मारते. कामाचा क्रम एकदाही चुकलेला पाहिला नाही. आमच्या साइटवर असा माणूस मिळाला असता तर डोक्यावर घेऊन नाचलो असतो.

मातीबद्दल पत्रकात अवाक्षर नाही, आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं होतं. ओस्मियाला ओली, चिकण माती लागते; वाळूचं प्रमाण जास्त असेल तर भिंत उभी राहत नाही. घरापासून थोड्या अंतरावर चिकणमातीचं एक घमेलं कायम ओलं ठेवा. फाब्र यांची दुसरी आवडती माशी, कॅलिकोडोमा, हिचं तंत्र वेगळं. ती रस्त्यावरची तुडवून कडक झालेली कोरडी धूळ खरवडते, लाळेनं कालवते आणि उघड्या दगडावर घर बांधते. ते वाळलं की पावसालाही दाद देत नाही. ओस्मियाची माती मात्र पाणी लागलं की विरघळते.

म्हणूनच छपराचा राग. पुढचा छज्जा दोन बोटांपेक्षा जास्त नाही, आणि छज्जाच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाचही नाही. पागोळ्यांचं पाणी लाकडावरून ओघळत थेट खालच्या थरांच्या दारांवर येतं. साधी गोष्ट आहे, कुठल्याही मिस्त्रीनं सांगितली असती. मी वरून पत्र्याचा तुकडा ठोकून हातभर पुढे काढलाय, तेव्हापासून दारं कोरडी आहेत. प्लास्टिकच्या झाकणाखाली आतून दमट बाष्प धरतं, ती दुसरी खोट. दमटपणा म्हणजे परागावर बुरशी. तो एक थर पाहण्यापुरता ठेवा, बाकीचे लाकडानंच झाकलेले बरे.

पत्रकात एक सूचना तर घातक आहे: ‘ऊन वाढल्यास घर सावलीत हलवावे.’ अजिबात हलवू नका! फाब्र यांनी माश्यांना रंगाची खूण करून चारेक किलोमीटरवर नेऊन सोडलं, तरी बऱ्याच परत आल्या. चार्ल्स डार्विन यांनी पत्रातून सुचवलं, की आधी उलट्या दिशेला न्या, पेटी गरगर फिरवा, म्हणजे दिशा चुकतील. फाब्र यांनी तेही केलं, तरी काही परतल्याच. पण याच माशीचं घर दोन-तीन पावलं बाजूला सरकवून ठेवलं, की ती जुन्या जागेवरच घिरट्या घालते आणि शेजारचं स्वतःचं घर ओळखत नाही. माशी जागा ओळखते, घर नव्हे. तेव्हा सकाळचं ऊन मिळेल अशा भिंतीवर घर घट्ट ठोका. टांगायला दिलेली साखळी काढून टाका, वाऱ्यात झुलणारं घर तिला नको असतं.

थर उघडता येण्याचा फायदा थंडीत कळतो. तोवर आतली माशी पूर्ण वाढून कोशात झोपलेली असते. कोश हलक्या हातानं काढायचे, खाचा खरवडून स्वच्छ करायच्या, परागावर वाढणारे पिवळट माइट (कोळ्याच्या जातकुळीतले बारीक जीव) झटकायचे, आणि कोश थंड जागी ठेवायचे. चिकटवलेल्या घरात हे शक्यच नाही, त्यामुळे तिथे वर्षागणिक माइट आणि परजीवी माश्याच वाढत जातात. टोरंटोत मॅकआयव्हर आणि पॅकर या दोन संशोधकांनी माश्यांसाठी लावलेल्या जवळपास सहाशे घरांची तीन वर्षं पाहणी करून २०१५ मध्ये निष्कर्ष छापले. दर वर्षी सुमारे पाऊण घरांत गांधीलमाश्यांच्या जातकुळीतले पाहुणे आढळले, आणि मधमाश्यांपैकीही जवळपास निम्म्या बाहेरून आलेल्या जातींच्या होत्या. माझ्याकडेही दोन खाचांत कुंभारीण आली आहे. तिला मी हाकललं नाही, अळ्या टिपते बिचारी.

कंपनी याच घराचा तिप्पट मोठा नमुना विकते. तो घेऊ नका. निसर्गात एवढी घरं एका जागी खेटून नसतात, आणि गर्दी झाली की परजीवींचं फावतं. लहान घेतलंत तर दोन घ्या आणि बागेच्या दोन टोकांना लावा. बोल्टांना पहिल्याच पावसात गंज चढलाय, ते बदलून स्टेनलेसचे टाका.